बरगडीला गळ लागलेला हमूर

मासा तोंडानेच गळाला लागलेला असला पाहिजे, नाहीतर तो धरायचा नाही. पोटाला, पाठीला, शेपटीला, कुठेही बाहेरून गळ रुतला असेल तर त्याला तिथल्या तिथे पाण्यात सोडायचं, वजनाला आणायचं नाही. हा नियम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसूच आलं. मी कोकणात, समुद्राच्या काठावर वाढलेली. माझे बाबा शाळामास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी काठच्या खडकांत, खडपावर बसून गरवायचे, म्हणजे दोरी आणि गरी घेऊन मासे पकडायचे. गरी नेमकी कुठे लागली हे त्यांनी कधी तपासलं नाही. आई तर मासा ताजा आहे की शिळा, एवढंच बघायची.

नियम आणला होता ह्यांच्या ऑफिसातल्या अमेरिकन साहेबांनी. ह्यांची कंपनी दुबईत टॉवर बांधायची आणि साहेब तिथले सर्वांत वरचे. त्यांच्या गावाकडे तळ्यांमध्ये बास नावाचा मासा असतो, त्याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात, आणि हे गृहस्थ तिथे पंच म्हणून काम केलेले. दरवर्षी थंडीत ते ऑफिसची मासेमारीची स्पर्धा भरवायचे. ज्या वर्षी जगभर मंदी येऊन सगळं कोसळलं त्या थंडीतही त्यांनी ती रद्द केली नाही. लोकांना धीर येईल म्हणे.

धीराची गरज होती हे मात्र खरं. दिवाळीपर्यंत आम्ही शारजातल्या आमच्या बाल्कनीतून क्रेन फिरताना बघायचो. मग त्या एकेक करून थांबल्या. आपल्याकडे गणपतीनंतर मांडव जसा नुसताच उभा राहतो, तशा त्या उभ्या राहिल्या. ऑफिसात गुरुवारी दुपारी एकेकाला एचआरमध्ये बोलवायला सुरुवात झाली. गुरुवार, कारण पुढे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणजे माणूस रविवारी आला नाही तरी कुणाला फारसं जाणवत नाही. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि महिनाभरात बाडबिस्तरा गुंडाळून देश सोडायचा. गुरुवारी ह्यांचा फोन आला की मी आधी देवाचं नाव घ्यायचे, मग उचलायचे. अनेकदा फोन ट्रॅफिकमधून असायचा, 'अडकलोय, उशीर होईल' एवढंच सांगायला. त्या ट्रॅफिकला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, पण त्या दिवसांत त्यात अडकलेला नवरा मला देवाचा प्रसाद वाटायचा.

मला नोकरीची काळजी होती ती एकाच गोष्टीसाठी. आमची मुलगी दहावीला होती. दुबईत, ऊद मेथा भागातल्या शाळेत, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. मध्येच उठून पुण्याला गेलो असतो तर वर्ष तरी वाया गेलं असतं, नाहीतर कुठल्यातरी अनोळखी केंद्रासाठी दारोदार फिरावं लागलं असतं. मार्च निघू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं मी रोज देवापुढे म्हणायचे. पुढचं काहीच मागत नव्हते.

आमच्या जेवणाच्या टेबलावर तेव्हा संध्याकाळी दोन मुली अभ्यासाला बसायच्या. एक आमची, दुसरी तिची जिवलग मैत्रीण. मैत्रिणीचे वडील ह्यांच्याच खात्यात, ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. केरळचे होते. मी त्यांना चेट्टा म्हणायचे, म्हणजे त्यांच्या भाषेत मोठा भाऊ. दोघेही प्लॅनिंग इंजिनिअर. आता नवीन टॉवरच नाहीत म्हटल्यावर प्लॅन कसले करणार? खात्यात एकच माणूस ठेवणार हे चपराश्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही घरांत ते कुणी बोलत नव्हतं. मी त्या मुलीच्या ताटात भात वाढताना मनात म्हणायचे, देवा, हिचे बाबा जाऊ देत असं मी म्हणत नाही. पण दुसरं काय म्हणायचं तेही सुचत नसे.

तर स्पर्धा. साहेबांना मासेमारीचं वेड, म्हणजे जो चांगला मासा काढेल तो साहेबांच्या नजरेत भरेल, असं सगळ्या ऑफिसने ठरवून टाकलं. ज्यांनी जन्मात पाण्यात बोट बुडवलं नव्हतं ते रॉड घेऊन आले. हेही आणायला गेले. किंमत ऐकून मी मनात तिचे रुपये केले आणि गप्प बसले. हे पुण्याचे, पेठेत वाढलेले, लग्नानंतर माझ्या हातचे मासे खायला शिकलेले. पकडणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हॉलमध्ये सोफ्यावर उभी राहून मी त्यांना शिकवलं.

"अहो, असे गंध उगाळल्यासारखे काय हलवताय? टोचल्यासारखं वाटलं की लगेच हिसका द्यायचा. वाट बघायची नाही. विचार तर मुळीच करायचा नाही."

"अगं, पण साहेब म्हणतात माशाने गळ स्वतः गिळला पाहिजे."

"माशाला विचारून गरवतं का कुणी?"

त्यावर त्यांनी मला सगळा नियम समजावला. इंटरनेटवर वाचून आले होते, दुसरं काय. तिकडे म्हणे मादी अंडी घालते तेव्हा मासे उथळ पाण्यात घरट्यावर पहारा देत बसतात. ते डोळ्यांना दिसतात, हलत नाहीत. काही लोक त्यांच्या अंगावरून गळ ओढून त्यांना अडकवायचे. माशाला फसवण्याचं कसब नाही, नुसतं ओरबाडणं. म्हणून नियम केला की त्याने तोंड उघडलं असेल तरच तो तुमचा. पण सगळीकडे नियम सारखा नाही. कुठे बाहेरून लागलेला मासा चालतो, कुठे नाही. कुठे म्हणे मासा आधी डोळ्यांनी बघून धरला असेल तरच दुसऱ्याने त्याचं तोंड तपासायचं, बाकीच्यांना सूट.

"म्हणजे हा नियम काही देवाने केलेला नाही," मी म्हटलं.

"देवाने नाही, साहेबांनी केलाय," हे म्हणाले. "आणि सध्या तेच वर आहेत."

मुलीने पुस्तकातून मान वर केली. "आई, इट्स जस्ट अबाउट बीइंग फेअर."

"हो गं बाई फेअर," मी म्हटलं, "तू गणितं सोडव."

स्पर्धेच्या शुक्रवारी पहाटे आम्ही उम्म अल कुवेनच्या धक्क्यावर पोचलो. बायकोला बरोबर नेता येत होतं, मासा मात्र नोकरी करणाऱ्याने काढायचा. प्रत्येक बोटीत दोन स्पर्धक, आणि एकाचा मासा तोंडाने लागला आहे हे दुसऱ्याने सांगायचं. चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या बोटीत चेट्टाच आले. मला ते बरं वाटलं नाही. ज्याच्याशी आपली झुंज तोच आपला साक्षीदार, हा कुठला न्याय? चेट्टांनी मात्र हसून टिफिन पुढे केला. "भाभी, इडली. वाइफ ने सबके लिए दिया है."

वारा होता. बोट किनाऱ्यापासून बरीच लांब आली, बांगलादेशी बोटवाल्याने 'यल्ला', म्हणजे चला, असं म्हणून इंजिन बंद केलं, आणि मग नुसतं हेलकावणं. चेट्टांना लवकरच एक शेरी मासळी मिळाली, मध्यम, छान गुलाबीसर. गळ ओठात. ह्यांनी वाकून बघितलं, मान डोलावली. नंतर बराच वेळ काही नाही. साहेबांची बोट लांबून जाताना दिसली, त्यांनी हात हलवला, आम्ही सगळ्यांनी हलवला. मी मनात मोजत होते की ह्यांना काहीच मिळालं नाही तर काय, आणि हे शांतपणे दोरी वर-खाली करत होते. मला त्यांच्या शांतपणाचाही राग येत होता.

गळ म्हणजे धातूचा एक खोटा मासा होता आणि त्याच्या शेपटीला तीन टोकांचा आकडा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे आमच्या गरीचं काम नाही. आमच्या गरीला आमिष असतं, मासा ते तोंडात घेतो, म्हणून हिसका तोंडातच बसतो. इथे मासा नुसता जवळ येऊन हुंगतो, आणि कोकणातला हिसका दिला की आकडा लागेल तिथे लागतो. पण दोरी किंचित थरथरली आणि मी ओरडले, "हिसका!" ह्यांनी, लग्नापासून बहुधा पहिल्यांदाच, विचार न करता माझं ऐकलं.

रॉड वाकला तो असा की हे बोटीच्या कडेवर आडवे झाले. चेट्टांनी त्यांचा पट्टा धरला, मी चेट्टांचा सदरा धरला. मासा वर यायला बराच वेळ लागला. आडवा येत होता, दारातून कपाट आडवं काढावं तसा, म्हणूनच इतका जड वाटत होता. बोटवाल्याने दांड्याच्या जाळ्यात घेतला. हमूर! आमच्याकडचा गोबराच, पण केवढा तरी. त्या दिवशी कुठल्याच बोटीत तेवढा मासा निघाला नसणार हे मला बघताक्षणी कळलं. मला वाटलं मार्च निघाला. मी खरंच हात जोडले.

मग हे खाली वाकले आणि तसेच राहिले. आकडा बरगडीला होता. कल्ल्यापासून बोटभर मागे, खवल्यांत रुतलेला.

आधी चेट्टाच बोलले. त्यांनी सगळं नीट पाहिलं होतं. पाहून झाल्यावर मान वळवली आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "रख लो. मैंने तो मुँह में ही देखा."

"नहीं," हे म्हणाले.

मी मराठीत सुरू झाले. "अहो, त्यांना चालतंय, तुम्हाला कसली अडचण? तुमचा साक्षीदार हो म्हणतोय."

"नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात! पोरीची दहावी आहे."

"म्हणूनच," हे म्हणाले. ह्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

"बरं, नियमाचं राहू दे. तो मासा बघा. खोलातून वर आलाय, त्याचं पोट फुगलंय. आता तो खाली जाणार नाही. बरगडीला भोक पाडून पाण्यात टाकणं हा कुठला धर्म? त्याला घरी नेऊन खाल्ला तर निदान त्याचं काहीतरी झालं. हा टाकला तर आपण फक्त आपले हात धुतले."

हे सगळं मी रागाने म्हणत होते आणि भीतीनेही. पण खोटं नव्हते म्हणत. बाबा म्हणायचे, ज्याला आपण दुखावलं त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, तो आपला झाला. ते माशाबद्दलच म्हणायचे असं नाही.

ह्यांनी आकडा सोडवला. हळूच, दोन्ही हातांनी, मासा पाण्यात ठेवला. तो एका कुशीवर झाला. शेपूट एकदा हलवली, पुन्हा कुशीवर. लाटेबरोबर हळूहळू बोटीपासून लांब गेला. बोटवाला म्हणाला, "खलास." त्याने इंजिन सुरू केलं, आणि वळल्यावर मला तो दिसेनासा झाला. दोन-तीन पांढरे पक्षी तेवढे तिकडे वळलेले दिसले.

"जाईल खाली," हे म्हणाले.

"मेला तो," मी म्हटलं.

दुपारी तंबूत बक्षिसं वाटली. चेट्टांच्या शेरीला दुसरं बक्षीस मिळालं. ते वर गेले, साहेबांशी हात मिळवला, आणि खाली उतरायचं सोडून माइकपाशी गेले. त्यांच्या इंग्रजीत त्यांनी सगळ्या ऑफिससमोर सांगितलं की आजचा सर्वांत मोठा मासा माझ्या मित्राचा होता, तो बाहेरून लागला म्हणून त्याने परत सोडला. मी 'राहू दे' म्हटलं तरी सोडला, हेही सांगितलं. साहेब स्वतः खाली आले. ह्यांचा हात हातात धरून म्हणाले, "नाऊ धिस मॅन, आय ट्रस्ट." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेली ओळखीची बाई कुजबुजली, "तुमचं झालं बरं का काम."

परत येताना पार्किंगमध्ये मी चेट्टांना गाठलं. "चेट्टा, क्यों बोला आपने?"

ते बक्षिसाचा कप गाडीत ठेवत होते. "अच्छी बात थी, भाभी. बोल दिया."

तिथून पुढे माझी झोप उडाली. आधी भीती होती की हे जातील. आता भीती होती की हे राहतील, आणि ते अशा रीतीने राहतील. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, कंपन्या माशांवर चालत नाहीत, यादी मुख्य कार्यालयातून येते. असेलही. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात, पण मी सुपातही धड हसले नाही. गुरुवार आला तसा मी सकाळपासून फोन समोर ठेवून बसले. फोन आला. ट्रॅफिकचा नव्हता.

"चेट्टांना बोलावलं," हे म्हणाले, आणि फोन ठेवला.

मला आधी आनंद झाला. लपवत नाही. क्षणभर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मग बेल वाजली आणि दारात त्यांची मुलगी दप्तर घेऊन उभी होती, रोजच्यासारखी. तिला अजून कळलेलं नव्हतं. "आंटी, टुडे ओन्ली सायन्स," म्हणाली. मी तिला टेबलाशी बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

मासा आणि माणूस ह्यांची सांगड मी मुद्दाम घातली नाही, ती आपोआप बसली. चेट्टांनी कुठल्या आमिषाला तोंड लावलं होतं? कामात चूक नाही, कर्ज काढून फ्लॅटांचे सौदे नाहीत. गळ कुणीतरी लांबून ओढला आणि तो चेट्टांच्या बरगडीला लागला. आणि आता साहेबांसकट सगळे खूप आदराने त्यांना पाण्यात ठेवणार होते.

त्यांच्या व्हिसाची मुदत परीक्षेच्या आधी संपत होती. मैत्रिणीच्या आईने सामान बांधायला घेतलं. चेट्टा म्हणाले, पुढच्या वर्षी बसेल, क्या करें. त्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं, "ती इथे राहील. आपल्याकडे. परीक्षा होईपर्यंत."

"अगं, तिचा व्हिसा वडिलांवर आहे. तो रद्द झाला की..."

"मग आई-वडिलांबरोबर जाऊ दे आणि व्हिजिट व्हिसावर परत येऊ दे. एजंट काढून देतात."

"ऐनवेळी मिळतोच असं नाही. शाळा काय म्हणेल? नियमात बसतं का हे बघायला..."

"तुम्ही नियम बघा," मी म्हटलं, "मी गादी घालते."

मला वाटलं वाद होईल. हे ताटावरून उठले, हात धुतले आणि एजंटला फोन लावला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेले. मग पुन्हा एजंटकडे, मग पुन्हा शाळेत. ह्या माणसाला रांगेत उभं राहायला लाज वाटत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. आमची मुलगी गादीवर आपली उशी ठेवून म्हणाली, "शी कॅन हॅव द विंडो साइड."

चेट्टांचं कुटुंब गेलं. विमानतळावर त्यांनी ह्यांना मिठी मारली, मला नमस्कार केला, आणि बक्षिसात मिळालेला कप आमच्या मुलीच्या हातात दिला, सामानात बसत नाही म्हणून. मग वाट बघणं. व्हिसा आज येईल, उद्या इन्शाल्ला, एजंट रोज तेच म्हणायचा. परीक्षा अगदी तोंडावर आली तेव्हा तो आला.

ज्या संध्याकाळी ती येणार होती त्या संध्याकाळी आम्ही दोघं शारजा विमानतळावर उभे होतो. विमान उतरलं होतं. लोक येत होते, पेट्या, खोकी, लहान मुलं. ती येत नव्हती. एकटी मुलगी, नुकताच रद्द झालेला व्हिसा, लगेच दुसरा. कुणी अडवलं असेल, परत पाठवलं असेल. मी त्या सरकत्या दाराकडे बघून बघून डोळे दुखवून घेतले. गर्दी ओसरत आली.

"तो मेलाच असणार ना गं," हे अचानक म्हणाले.

कोण, ते मला विचारावं लागलं नाही. इतके दिवस 'जाईल खाली' एवढंच म्हणत आलेला माणूस. त्यांचा चेहरा बघवेना. मी तोंड उघडलं, काय म्हणणार होते कोण जाणे, आणि दार सरकलं. ती आली. खांद्यावर दप्तर, एका हातात आईने दिलेली माशाच्या लोणच्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेली.

"आंटी, दे आस्क्ड सो मेनी क्वेश्चन्स," ती म्हणाली.

"जेवलीस का?" मी विचारलं. बरणी ह्यांच्याकडे दिली, दप्तरही ह्यांच्याकडे दिलं, आणि तिचा हात धरून पार्किंगकडे निघाले. घट्ट धरला असणार.

"आंटी, आय कॅन वॉक," ती हसून म्हणाली.

मी सोडला नाही.